मलप्रभेच्या काठाने शिपाई बुलबुलाची वीण कशी नोंदवावी

मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, जांबोटीच्या रानातून उतरून कुसमळी, खानापूर, एम. के. हुबळी अशी पूर्वेकडे जात सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात अडते, आणि एवढ्या प्रवासात तिच्या दोन्ही काठांवरचे रान सदाहरित झाडीपासून बोरी-बाभळीच्या माळापर्यंत बदलत जाते. रानाबरोबर बुलबुलही बदलतात. वरच्या अंगाला करवंदीच्या जाळीवर टोकदार काळा तुरा मिरवत बसणारा शिपाई बुलबुल भेटतो. खालच्या अंगाला त्याची जागा लालबुड्या बुलबुल घेतो. मधल्या पट्ट्यात दोघे एकाच बांधावर बसलेले दिसतात, आणि पक्षी पाहणाऱ्या मंडळींच्या गप्पांत ‘आमच्याकडे शिपाई आहे’ आणि ‘तुमच्याकडे कुठला आलाय’ हा वाद दरवर्षी नव्याने रंगतो. तो मिटत नाही, कारण पक्षी दिसणे आणि त्याने तेथे घरटे करणे या दोन गोष्टी आपण एकच धरून चालतो. फळे पिकली की बुलबुल थव्याने कोठेही जाऊन बसतात. त्यावरून त्यांची वीण तेथे होते असे म्हणता येत नाही. एक दुर्बीण, एक वही आणि एक मोबाइल एवढ्या साहित्यावर, डिसेंबरपासून पहिल्या पावसापर्यंत, आपापल्या परिसरापुरती ही वीण कशी नोंदवावी हे येथे सांगितले आहे.

पक्षी आधी पक्का ओळखावा

शिपाई बुलबुल साधारण २० सेंटिमीटर लांबीचा असतो. वरून तपकिरी, खालून पांढुरका, डोळ्यामागे लाल ठिपका, त्याखाली पांढरा गाल, गालाच्या कडेने काळी बारीक रेघ आणि शेपटीखाली लाल रंग अशी त्याची खूण आहे. काहीजण त्याला नारद बुलबुल म्हणतात; तुऱ्याकडे पाहिले की दोन्ही नावे पटतात. लिनियसने १७५८ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले तेव्हा ‘जोकोसस’, म्हणजे खेळकर, हे विशेषण त्याच्यासाठी निवडले. भारतापासून दक्षिण चीन आणि आग्नेय आशियापर्यंत तो मुळचा आहे. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांच्या व्यापारामुळे मॉरिशस, सिडनी आणि फ्लोरिडा येथेही त्याने बस्तान बसवले आहे. ही शेवटची गोष्ट आपल्या कामाशी थेट संबंधित आहे, कारण अथणी किंवा रामदुर्गसारख्या कोरड्या भागात एखादा एकटा शिपाई बुलबुल दिसला तर तो पाळलेला सुटून आला असण्याची शक्यता आधी तपासावी लागते.

परदेशी छायाचित्रांवरून ओळख करून घेतलेल्यांची येथे एक गडबड होते. पुष्कळ चित्रांत या पक्ष्याच्या शेपटीची टोके पांढरी दाखवलेली असतात. द्वीपकल्पातल्या आपल्या उपजातीत शेपटीला ती पांढरी टोके नसतात आणि छातीवरचा गडद पट्टा जवळजवळ पूर्ण जुळलेला असतो. शेपटी पांढरी नाही म्हणून पक्षी नाकारणारे नवखे निरीक्षक मी पाहिले आहेत. नर-मादी सारखेच दिसतात, त्यामुळे वहीत नर किंवा मादी असे लिहिण्याच्या फंदात पडू नये.

लालबुड्याचे डोके काळे, तुरा आखूड आणि अंगावर खवल्यांसारखी नक्षी असते. तो उडाला की कमरेवरचा पांढरा भाग स्पष्ट दिसतो, आणि धावत्या गाडीतूनही ही खूण पकडता येते. पिल्लांकडे मात्र जास्त लक्ष द्यावे. घरट्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या शिपाई बुलबुलाच्या पिल्लाच्या डोळ्यामागे लाल ठिपका नसतो आणि शेपटीखालचा रंग लाल नसून फिकट नारिंगी असतो. आखूड शेपटीचे, फिकट बुडाचे, पंख थरथरवत चारा मागणारे पिल्लू म्हणजे त्या जागेतल्या विणीचा बहुतेक वेळा सर्वांत चांगला पुरावा असतो, आणि त्यासाठी घरट्याच्या जवळपासही जावे लागत नाही.

घरट्याला हात लावायचा नाही

भारतीय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या पक्ष्यांची अंडी फोडणे एवढ्यावर थांबत नाही; अंडी किंवा घरटे विचलित करणे हेदेखील तिच्यात येते. कायदा बाजूला ठेवला तरी कारण व्यवहाराचेच आहे. भारद्वाज आणि कावळा हे दोघे बुलबुलाची अंडी-पिल्ले पळवणारे पक्षी माणसाच्या हालचालीवरही नजर ठेवून असतात, आणि आपण वाकवलेली फांदी आपल्या मागे त्यांच्यासाठी उघडी खिडकी होऊन राहते. पक्षी पाहायला लागलो त्या सुरुवातीच्या वर्षांत, जांबोटीच्या वरच्या अंगाला एका काजूच्या बागेच्या कुंपणातल्या करवंदीत मला घरटे सापडले होते. कंबरेच्या उंचीवर, तीन काटेरी फांद्यांच्या बेचक्यात बसवलेली ती वाटी होती; बाहेरून सालपटे आणि वाळकी पाने, त्यात कुठल्याशा पुडीचा चंदेरी कागद खोचलेला, आत बारीक मुळांचे आणि गवताचे गोल अस्तर, आणि त्यावर जांभळट पांढरी, जाड टोकाकडे तांबड्या ठिपक्यांची गर्दी झालेली दोन अंडी. छायाचित्रासाठी मी दोन डहाळ्या बाजूला करून दुसऱ्या फांदीत अडकवल्या आणि निघताना त्या सोडवायला विसरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी भारद्वाज त्याच कुंपणावरून उतरताना दिसला. वाटी जागेवर होती, अंडी नव्हती. पुढे ज्या सूचना आहेत त्या बऱ्याचशा त्या दोन डहाळ्यांमुळे आल्या आहेत.

नियम असा ठेवावा की घरटे चालू असताना १० मीटरच्या आत जायचे नाही, पाहायचे ते दुर्बिणीतून पाहायचे आणि एका जागी १० मिनिटांपेक्षा जास्त थांबायचे नाही. पक्षी चोचीत अळी घेऊन जवळच्या फांदीवर ओरडत बसला आणि झुडपात जाईना, म्हणजे तो आपल्यामुळे अडला आहे असे समजून मागे सरावे. कधीकधी घरट्याजवळ आलेल्याला दूर नेण्यासाठी मोठा पक्षी पंख मोडल्याचे सोंग करतो. हे सोंग पाहायला मजेदार वाटते, आणि नोंदीच्या दृष्टीने ते विणीचा पक्का पुरावाही आहे. पण ते दिसले याचा अर्थ आपण फार जवळ आलो आहोत. तेवढे लिहून घ्यावे आणि आल्या वाटेने परतावे.

जागा निवडण्यापूर्वी चौकोन पाडावेत

‘खानापूर तालुक्यात आढळतो’ अशी नोंद निरुपयोगी असते. एकाच तालुक्यात भीमगडचे दाट जंगल आहे आणि पूर्वेकडची उघडी शेतेही आहेत. म्हणून सर्व परिसर सारख्या आकाराच्या चौकोनांत वाटून घ्यावा. केरळमध्ये २०१५ ते २०२० या काळात राज्यभराचा पक्षी-नकाशा तयार झाला तेव्हा शेवटचा छोटा चौकोन १.१ किलोमीटर बाजूचा धरला होता आणि अशा प्रत्येक निवडलेल्या चौकोनात १५ मिनिटांच्या चार याद्या केल्या होत्या. आपल्यालाही हे माप सोयीचे आहे, कारण त्यासाठी नकाशावर रेघा ओढाव्या लागत नाहीत. मोबाइलवर दिसणाऱ्या अक्षांश-रेखांशाचे दशांश चिन्हानंतरचे पहिले दोनच आकडे ठेवावेत आणि पुढचे सरळ कापून टाकावेत. वरचा आकडा धरू नये. समजा मोबाइल १५.८५७२ आणि ७४.५०६९ असे दाखवतो, तर चौकोनाचे नाव १५.८५–७४.५० असे झाले. बेळगावच्या अक्षांशावर हा चौकोन उत्तर-दक्षिण सुमारे १.११ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे १.०७ किलोमीटर भरतो. खानापूरचा आणि बैलहोंगलचा निरीक्षक एकमेकांशी न बोलताही एकाच जाळ्यात काम करतात, हा त्याचा खरा फायदा.

एकट्याने किंवा दोघांनी काम करताना सगळा जिल्हा घेऊ नये. कणकुंबीपासून नविलुतीर्थापर्यंत नदीच्या आगेमागे १२ चौकोन पुरेत. ते निवडताना मनाला आवडणाऱ्या जागा घेऊ नयेत. ठरावीक अंतराने, जेथे पोहोचता येईल असा पहिला चौकोन घ्यावा, मग तो उसाचा का असेना. उसात बुलबुल घरटे करणार नाही हे आपल्याला घरी बसून वाटत असते. पण त्या उसाच्या बांधावर टणटणीची रांग असेल तर चित्र वेगळे होते. चंदगड किंवा आंबोलीकडे, अथवा लोंढ्यावरून जोयडा-कॅसलरॉककडे जाणाऱ्यांनी राज्याच्या किंवा जिल्ह्याच्या सीमेपाशी वही मिटू नये. वैजनाथाच्या डोंगरावर पाऊस दोन्ही उतारांवर पडतो आणि चौकोन मोजणाऱ्याला सीमेचा दगड कामाचा नसतो.

भीमगड अभयारण्याच्या हद्दीत शिरायचे असेल तर वनखात्याची लेखी परवानगी घ्यावी, आणि ती मिळेपर्यंत हद्दीबाहेरच्या गावरस्त्यांवर काम करावे. कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात अस्वल आणि गवा दोन्ही आहेत. झुंजूमुंजू झाल्या झाल्या एकट्याने दाट जाळीत घुसणे हे धाडस नव्हे, तो निष्काळजीपणा आहे. गावातल्या माणसाला बरोबर घ्यावे. गुरे राखणाऱ्या मामांना कोठल्या जाळीत कोठला पक्षी ये-जा करतो हे आपल्यापेक्षा आधी कळलेले असते. मात्र त्यांना ‘घरटे दाखवा’ असे म्हणू नये, कारण मग ते प्रेमाने फांदी वाकवून दाखवतात. ‘चोचीत काडी किंवा किडा घेऊन जाताना कुठे दिसतो?’ असे विचारावे. नदीच्या खालच्या अंगाला कानडी बोलावी लागेल, तेथे बुलबुलाला पिकळार म्हणतात हे लक्षात असू द्यावे.

केव्हा जावे, किती वेळा जावे

दक्षिण भारतात या बुलबुलाची वीण मुख्यतः डिसेंबर ते मे या काळात होते आणि एक जोडी वर्षात एकदा किंवा दोनदा वीण करते. अंडी उबायला साधारण १२ दिवस लागतात आणि पिल्ले घरटे सोडायला जवळजवळ तितकेच. घरटे बांधण्याचे दिवस धरले तरी एक घरटे सुमारे महिनाभर चालते. म्हणजे महिन्यातून एकदा जाणाऱ्याला दोन खेपांच्या मध्ये एक पूर्ण वीण निसटून जाऊ शकते, आणि तो वहीत ‘नाही’ असे लिहून मोकळा होतो. म्हणून प्रत्येक चौकोनाला १२ ते १५ दिवसांच्या अंतराने निदान तीन खेपा कराव्यात. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत त्या बसवता येतात, आणि जमल्यास मेच्या शेवटी, वळवाचे एक-दोन पाऊस पडून गेल्यावर, चौथी खेप करावी.

सकाळी उजाडल्यापासून पहिले अडीच-तीन तास उत्तम. शिपाई बुलबुल आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. उघड्या शेंड्यावर बसून तो तीन-चार सुरांची मोकळी हाक देतो आणि जोडीदार जवळूनच किरकिरत उत्तर देतो. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढण्याची युक्ती विणीच्या काळात वापरू नये, कारण हद्द राखणारा पक्षी त्या आवाजावर धावून येतो आणि तेवढा वेळ घरटे उघडे पडते.

एप्रिल-मे महिन्यांत आणखी एक हिशेब ठेवावा लागतो. याच दिवसांत करवंदे पिकतात, गावच्या बायका-पोरे पहाटेपासून जाळ्या पालथ्या घालतात आणि दुपारपर्यंत द्रोण भरून करवंदे रस्त्याकडेला विकायला येतात. काजूच्या बागा साफ होतात, जळणासाठी झुडपे तोडली जातात, कोठे वणवा लागतो. त्या चौकोनात त्या दिवशी यातले काय चालले होते हे एका ओळीत लिहावे. दुसऱ्या खेपेला पक्षी गप्प झाले तर कारण शोधायला हीच ओळ उपयोगी पडते.

काय दिसले म्हणजे काय समजायचे

पुराव्याच्या तीन पायऱ्या धराव्यात. विणीच्या काळात, योग्य झुडपांत पक्षी दिसला किंवा ऐकू आला तर वीण ‘शक्य’ आहे, एवढेच म्हणावे. एकाच जागी, आठवडाभराच्या किंवा जास्त अंतराने, जोडी पुन्हा दिसली, अथवा नर वाटणारा पक्षी मान झुकवून, शेपटी पसरून, पंख ढिले सोडून दुसऱ्यापुढे नाचताना दिसला, किंवा दुसऱ्या जोडीला हाकलताना आढळला, तर वीण ‘संभाव्य’ समजावी. चोचीत सालपट, मूळ किंवा गवताची काडी घेऊन झुडपात शिरणारा पक्षी, घरट्यावर बसलेला पक्षी, चोचीतून पिल्लांच्या विष्ठेची पांढरी गोळी बाहेर नेऊन टाकणारा पक्षी आणि वर सांगितलेले फिकट बुडाचे पिल्लू यांपैकी एक जरी पाहिले तरी वीण ‘निश्चित’ होते.

चाऱ्याच्या बाबतीत मात्र जपून लिहावे. बुलबुल फळ तोडतो तेव्हा ते चोचीत धरून दुसऱ्या फांदीवर जाऊन गिळतो, आणि ही उडी पिल्लांसाठी चारा नेल्यासारखी दिसते. पहिले काही दिवस पिल्लांना मुख्यतः अळ्या आणि किडे भरवले जातात, फळे नंतर येतात. तेव्हा चोचीत लोंबती अळी घेऊन, ती न गिळता, एकाच दिशेला दोन-तीन वेळा गेलेला पक्षी हा पुरावा. करवंद घेऊन उडालेला पक्षी हा केवळ भुकेला पक्षी.

जोड्या मोजतानाही फसगत होते. विणीच्या काळात एक जोडी सुमारे ३,००० चौरस मीटर, म्हणजे आपल्या मापाने जवळजवळ ३० गुंठे, एवढी हद्द राखते. वर्तुळ धरले तर त्याचा व्यास ६० मीटरच्या थोडा वर जातो. म्हणून एकाच वेळी ऐकू येणाऱ्या दोन जोड्या ६० मीटरपेक्षा दूर असतील तर त्या वेगळ्या मोजाव्यात. आधी एक आणि दहा मिनिटांनी पुढे दुसरी ऐकली असेल तर ती पहिलीच सरकत आली असेल असे धरून एकच लिहावी. संध्याकाळी एका झाडावर रात्रीच्या मुक्कामाला जमलेल्या बुलबुलांची संख्या या कामात अजिबात धरू नये.

रिकामे घरटे सापडले तर? शिंपी पक्ष्याचे शिवलेल्या पानांचे घरटे ओळखू येते, पण शिपाई आणि लालबुड्या या दोघांच्या वाट्या इतक्या सारख्या असतात की मधल्या पट्ट्यात, म्हणजे बेळगाव शहर आणि खानापूरच्या आसपास, नुसत्या वाटीवरून जात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. तेथे ‘बुलबुल, जात अनिश्चित’ एवढेच लिहावे. वरच्या घाटात तर आणखी बुलबुल आहेत. गोव्याने राज्यपक्षी मानलेला लाल गळ्याचा पिवळा बुलबुलही चोर्ल्याच्या झाडीत असतो. पिवळी छाती आणि लाल गळा पाहिल्यावर घोटाळा होत नाही, फक्त वाटी पाहिल्यावर होतो.

झुडपाचे मोजमाप

येथे बहुतेक जण घाई करतात, आणि या कामातला सगळ्यात रस घेण्यासारखा भागही हाच आहे. शिपाई बुलबुल दाट जंगलाच्या पोटात राहणारा पक्षी नाही. त्याला झाडीची कड, मोकळीक, बाग, कुंपण आणि त्यांना लागून गच्च झुडूप लागते. पण ‘गच्च’ म्हणजे किती, ‘कड’ म्हणजे किती जवळ, हे आकड्यांत आणल्याशिवाय जांबोटीची करवंद आणि बेळगावच्या कॅम्पातले मेंदीचे कुंपण यांची तुलना होत नाही.

मोजमाप पिल्ले उडून गेल्यावर किंवा घरटे निकामी झाल्यावरच घ्यावे. चालू घरट्याची जागा दुरून पाहून, जवळच्या झाडाची खूण आणि पावलांचे अंतर वहीत टिपून ठेवावे. झाडाला रंग लावू नये, चिंधी बांधू नये. नंतर परत जाताना दोन मीटरची काठी न्यावी, तिच्यावर दर १० सेंटिमीटरला रंगाची खूण केलेली असावी. झुडपाची जात, झुडपाची उंची, जमिनीपासून वाटीच्या काठाची उंची आणि झुडपाच्या बाहेरच्या कडेपासून वाटी किती आत आहे ही चार मापे घ्यावीत. मग पायवाट, रस्ता, पाणी आणि घर यांपासूनची अंतरे पावलांनी मोजावीत. स्वतःचे पाऊल किती सेंटिमीटरचे आहे हे आधी अंगणात मोजून घ्यावे.

आडोसा मोजायला पांढरा पंचा पुरतो. एकाने वाटीच्या मागे पंचा ताणून धरावा आणि दुसऱ्याने दहा पावलांवरून, चारही दिशांनी, पंचाचा किती भाग पानांनी झाकला जातो ते पाव, अर्धा, पाऊण असे लिहावे. वरच्या सावलीसाठी पुठ्ठ्याची नळी घ्यावी, तिच्या एका तोंडाला दोन दोरे फुलीसारखे ताणून चिकटवावेत, झुडपाभोवती दहा ठिकाणी उभे राहून नळी सरळ वर धरावी आणि फुलीच्या मध्यावर पान येते की आकाश, एवढेच मोजावे. दहापैकी सहा वेळा पान आले तर सावली ६० टक्के झाली.

आता मुख्य गोष्ट. घरटे असलेले झुडूप मोजून थांबलो तर पक्ष्याने काय निवडले हे कळत नाही, तेथे काय होते एवढेच कळते. जांबोटीला दहापैकी सात घरटी करवंदीत सापडली, म्हणून करवंद त्याची आवडती, असे म्हणण्याआधी त्या भागात दहापैकी आठ झुडपे करवंदीचीच आहेत का हे पाहावे लागते. (हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत.) म्हणून प्रत्येक घरट्याच्या जोडीला एक बिनघरट्याचे झुडूप मोजावे. घड्याळाचा सेकंदकाटा पाहावा, तो ज्या दिशेला असेल त्या दिशेला ३० पावले चालावे आणि तेथून सर्वांत जवळचे, माणसाच्या कंबरेपेक्षा उंच झुडूप घेऊन त्याची तीच मापे घ्यावीत. वाटी नसल्यामुळे कंबरेच्या उंचीवर पंचा धरावा. हे दुसरे झुडूप कंटाळवाणे वाटते, आणि पाचव्या घरट्यानंतर ते टाळावेसे वाटते. टाळले तर पहिल्या पाचांचे कष्टही वाया जातात.

झुडपाची नावे स्थानिक लिहिली तरी चालतात, पण एकाच झुडपाला एकच नाव वापरावे. टणटणी आणि घाणेरी ही एकच वनस्पती दोन ओळींत दोन नावांनी आली की शेवटी हिशेब चुकतो. रानमोडी वेगळी, ती त्यात मिसळू नये. टणटणी आणि रानमोडी या दोन्ही बाहेरून आलेल्या आहेत, त्यांचे रान किती पसरले आहे हेही या नोंदीतून आपोआप जमा होते.

नोंदीतले कच्चे दुवे

रस्त्याकडेची घरटी सापडतात, कारण आपण रस्त्यावर असतो. त्यामुळे वहीतली सगळी घरटी पायवाटेपासून पाच पावलांवर निघाली तर त्यातून पक्ष्याबद्दल काही सिद्ध होत नाही, आपल्या पायांबद्दल होते. यावर उपाय म्हणून प्रत्येक चौकोनात, केरळच्या याद्यांप्रमाणे केलेल्या १५ मिनिटांच्या चार फेऱ्यांपैकी निदान एक पायवाट सोडून, बांधाने किंवा ओढ्याने करावी. उंच जाळीतली घरटी आणि विरळ झुडपातली घरटी सारख्याच सहजतेने दिसत नाहीत हेही लक्षात ठेवावे. घरटी न शोधता पिल्ले आणि चारा नेणारे पक्षी मोजणे हा त्यावरचा अधिक न्याय्य मार्ग आहे.

१८८० च्या सुमारास बेळगावच्या लष्करी छावणीत असलेले अधिकारी ई. ए. बटलर यांनी या भागातल्या पक्ष्यांच्या आणि घरट्यांच्या नोंदी केल्या होत्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे अंडी गोळा करूनच नोंद पक्की मानली जाई. आज तो मार्ग बंद आहे, आणि दुर्बीण, ध्वनिमुद्रण व अक्षांश-रेखांश हाताशी असताना त्याची गरजही नाही. जुन्या नोंदीशी आपली नोंद ताडून पाहावी, पण ‘बेळगाव’ एवढ्या एका शब्दाने लिहिलेली जुनी जागा छावणीतली की घाटातली हे ठरवता येत नसेल तर ती कोणत्याही चौकोनात बसवू नये.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना प्रत्येक जातीपुढे विणीचा पुरावा नोंदवण्याची सोय आहे. ती बहुतेक जण रिकामी सोडतात. ती भरावी. चालू घरट्याची नेमकी जागा आणि छायाचित्र मात्र त्या हंगामात कोठेही टाकू नये, व्हॉट्सॲपच्या गटातही नाही. चौकोनाचे नाव पुरेसे आहे.

नकाशा मांडणे

जूनच्या पहिल्या आठवड्यात आलेखाचा कागद घ्यावा आणि प्रत्येक चौकोनाला त्याची खूण द्यावी: निश्चित विणीला भरलेला गोल, संभाव्य विणीला अर्धा भरलेला, शक्य विणीला पोकळ. त्याच चौकोनात लालबुड्याची खूण दुसऱ्या रंगाने करावी. बेळगाव शहरात वर्षाला साधारण १,२०० ते १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो, कणकुंबीला त्याच्या कितीतरी पट आणि सौंदत्तीकडे निम्म्याच्या आसपास. दोन रंग कोठे एकमेकांत मिसळतात आणि कोठे सुटे होतात हे पावसाच्या या उतरंडीशेजारी ठेवून पाहावे. एका वर्षाच्या नकाशावर सीमारेषा ओढण्याचा मोह आवरावा. पाऊस कमी झालेल्या वर्षानंतर पुन्हा तेच १२ चौकोन, त्याच खेपांनी करावेत आणि कोणता गोल पोकळ झाला ते पाहावे. शहरातल्या बागांना उन्हाळाभर पाणी मिळते, त्यामुळे पूर्वेकडेही एखादा भरलेला गोल एकटाच उठून दिसेल. तेथे बागेची, नर्सरीची किंवा देवळामागच्या पाणवठ्याची नोंद शेजारी लिहावी.

ज्या चौकोनात तीन खेपा पूर्ण करूनही शिपाई बुलबुल मिळाला नाही तेथे ठळक शून्य काढावे आणि खाली खेपांच्या तारखा व एकूण मिनिटे लिहावीत. जेथे जाणेच झाले नाही, किंवा एकच खेप झाली, तो चौकोन कोरा ठेवावा. पुढच्या डिसेंबरात कामाला सुरुवात करताना आधी या कोऱ्या चौकोनांकडे जावे.